कार्य आधी, कारण नंतर : दुःस्वप्नलोकाच्या कादंबरीमालिकांचा वाचनक्रम

एकाच कल्पित जगाविषयीच्या चार-पाच कादंबऱ्या समोर आहेत आणि त्यांपैकी सर्वांत शेवटी लिहिलेली कादंबरी सर्वांत आधीच्या काळाची कथा सांगते. अशा वेळी वाचकाने सुरुवात कोठून करावी? हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाचा किंवा पुस्तकविक्रेत्याचा वाटतो. समीक्षेने त्याची दखल घ्यावी इतके त्याचे वजन नाही, अशीच आपल्याकडील सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु ज्याला इंग्रजीत 'डिस्टोपिया' म्हणतात आणि ज्याला येथे 'दुःस्वप्नलोक' म्हटले आहे, त्या प्रकारच्या कादंबरीच्या बाबतीत हा प्रश्न थेट साहित्यप्रकाराच्या स्वरूपाशी जाऊन भिडतो. क्रम बदलला की केवळ रहस्य आधी उघडे पडते असे नाही. आपण वाचतो आहोत तो साहित्यप्रकारच बदलतो, असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे आहे.

दोन क्रम संभवतात. कादंबऱ्या ज्या क्रमाने प्रसिद्ध झाल्या तो प्रकाशनक्रम आणि कल्पित जगात घटना ज्या क्रमाने घडल्या तो घटनाक्रम. रशियन रूपवाद्यांनी एका कृतीच्या आत 'फाब्युला' आणि 'सुझेत' असा जो भेद केला, किंवा झेरार झनेत यांनी १९७२ साली कथनातील क्रमाची जी चर्चा केली, ती बहुतांशी एकाच ग्रंथाच्या दोन पुठ्ठ्यांमधील आहे. मालिकेच्या बाबतीत क्रमाचे सूत्र लेखकाच्या हातून अंशतः निसटते आणि प्रकाशक, शिक्षक व वाचक यांच्या हाती जाते. सी. एस. लुइस यांच्या नार्नियाकथांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १९५० साली आलेली कथा पहिली मानावी की १९५५ साली आलेली, पण त्या जगाच्या उत्पत्तीची हकीकत सांगणारी? १९५७ साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात लुइस यांनी घटनाक्रमाकडे आपला कल दाखवला, पण क्रमाला फारसे महत्त्व नसावे असेही सुचवले. १९९४ साली प्रकाशकांनी मात्र खंडांवर घटनाक्रमानुसार नवे आकडे टाकले आणि लेखकाचा सौम्य कल हा छापील आदेश बनला. नार्निया हा दुःस्वप्नलोक नव्हे, त्यामुळे तेथे फारसे बिघडले नाही, असे म्हणता येईल.

मराठीला हा प्रश्न अपरिचित आहे असे मानण्याचे कारण नाही. उलट आपल्या गद्याची सुरुवातच एका क्रमविचाराने झाली आहे. म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा चरित्रक्रमाने लावल्या गेल्या. मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणाने ती पुन्हा सिद्ध केली आणि त्यातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले, अशी महानुभावांची परंपरा आहे. पुढे केसोबासाने लीळांमधील वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. वचन प्रसंगापासून सुटले की त्याला सिद्धान्ताचे रूप येते. पण ते कोणाला, कोठे, कशावरून म्हटले गेले हे हरवते. ते हरवलेले परत जोडण्यासाठी 'प्रकरणवश' लागले. क्रम आणि संदर्भ हे अर्थाचे घटक आहेत, हे या लोकांना आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमकर्त्यांपेक्षा अधिक नेमके कळले होते. आधुनिक काळात भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयात हा पेच उद्भवत नाही. 'बिढार' आणि 'हूल' १९७५ साली, 'जरीला' १९७७ साली आणि 'झूल' १९७९ साली आली, आणि चांगदेवचे आयुष्यही त्याच दिशेने सरकते.

घटनाक्रमाचा पक्ष धरणाऱ्यांचा युक्तिवाद इतिहासाच्या शिस्तीवर आधारलेला असतो. कारण आधी, कार्य नंतर. म्हणून कारणाची कथा आधी वाचावी. तेव्हा इतिहासाची शिस्त खरोखर काय सांगते हे एखाद्या ठोस ठिकाणी पाहणे इष्ट. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे त्या दृष्टीने सोयीचे आहे. तेर म्हटले की मराठी वाचकाला गोरोबाकाका आठवणार हे उघड आहे. पण येथे त्यांच्याही पायांखाली जे गाव गाडले गेले होते, ते तेर अभिप्रेत आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर; तेथील कापड गाड्यांतून भडोचकडे जाई. हे तगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले आणि ते मत स्थिरावले. चापेकर यांनी येथे १९५८ साली उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला.

अशा अहवालांची एक तांत्रिक रीत साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. उत्खननात थरांना क्रमांक दिले जातात ते वरून खाली : पृष्ठभागालगतचा थर पहिला, त्याखालचा दुसरा. वसाहतीच्या कालखंडांना मात्र क्रमांक दिले जातात ते खालून वर : नैसर्गिक भूमीवर प्रथम वसलेली वस्ती हा पहिला कालखंड. म्हणजे एकाच खड्ड्याच्या एकाच आकृतीत दोन परस्परविरुद्ध मोजण्या असतात. पहिली शोधाची, दुसरी घडण्याची. यांतील कोणतीही खोटी नाही; पण दुसरी पहिलीतूनच सिद्ध करावी लागते. खालून वर खणणारा पुरातत्त्वज्ञ अद्याप जन्मास यावयाचा आहे. इतिहासाची शिस्त कारण आधी *मांडते* हे खरे, परंतु ती कारण आधी *भेटते* असे कधीच म्हणत नाही. घटनाक्रमवाद्यांची गफलत येथे आहे. ते अहवालाच्या क्रमाला शोधाचा क्रम समजतात.

तेरच्या त्रिविक्रम मंदिरात हेच वेगळ्या रीतीने अनुभवास येते. मागची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृहाची असावी असे अभ्यासक मानतात. तिच्यापुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. प्रवेश अर्थातच मंडपातून होतो. नंतरच्या काळातून चालत गेल्याशिवाय आधीच्या काळाशी पोहोचता येत नाही, आणि आत पोहोचल्यावर बाहेरचा मंडप पूर्वीसारखा दिसत नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयातील वस्तूंची गोष्ट याहून निराळी आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून, पावसाने उघड्या पडलेल्या, गावकऱ्यांच्या हाती लागलेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. ते नसते तर यांतील कितीतरी मातीच्या मूर्ती आज आपल्यासाठी अस्तित्वातच नसत्या. पण पृष्ठभागावर सापडलेल्या वस्तूला थर नसतो. तिचे सौंदर्य दिसते, तिचे शेजारी दिसत नाहीत. विद्यापीठीय अभ्यासक्रमात कादंबरीमालिकेतील एकच खंड नेमला जातो तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती नेमके असेच काही पडते.

आता मूळ प्रश्नाकडे. ऐतिहासिक कादंबरी आणि दुःस्वप्नलोकाची कादंबरी यांची तुलना करून पाहावी. ऐतिहासिक कादंबरीत वाचकाला शेवट ठाऊक असतो, पात्रांना नसतो. पानिपतावर निघालेल्या सैन्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती नजर त्या सैन्यातील कोणाचीही असू शकत नाही. दुःस्वप्नलोकात नेमके उलट घडते. पात्राला आपले जग पाठ असते. नियम, गणवेश, शिक्षा, रांगा यांचे त्याला नवल नसते. अनभिज्ञ असतो तो वाचक. त्याला त्या जगात दारातून नव्हे, छपरातून सोडले जाते आणि हे असे कसे झाले या प्रश्नासह त्याला तेथे राहावे लागते. दुःस्वप्नलोकाची दहशत या ज्ञानाच्या विषमतेतून उत्पन्न होते. झाम्यातिनच्या 'वुई'मध्ये आणि ऑर्वेलच्या '१९८४'मध्ये राज्य कसे स्थापन झाले याचा तपशील तुटपुंजा आहे, हा त्या कृतींचा दोष नसून तीच त्यांची रीत आहे.

मग मालिकेत नंतर येणारी पूर्वकथा काय करते? ती त्या जगाला भूतकाळ देते. आणि भूतकाळ मिळाला की तेच जग ऐतिहासिक कादंबरीचा विषय बनते : आता शेवट वाचकाला ठाऊक आहे आणि पात्रांना नाही. म्हणजे मालिकेत एका टप्प्यावर साहित्यप्रकाराचा पालट होतो. हा पालट प्रकाशनक्रमाने वाचणाऱ्यालाच अनुभवता येतो. घटनाक्रमाने वाचणारा वाचक दोन्हींना मुकतो. पूर्वकथा त्याला इतिहासाचे ज्ञान नसताना ऐतिहासिक कादंबरीसारखी वाचावी लागते, आणि पुढे मूळ कादंबरी तो अशा मनःस्थितीत उघडतो की जिने भयभीत व्हावयाचे ती अनभिज्ञताच उरलेली नसते.

सुझान कॉलिन्स यांची 'हंगर गेम्स' मालिका हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. किशोरवाचकांसाठीचे लेखन म्हणून आपल्या समीक्षेने तिला दूर ठेवले असले, तरी आमचे विद्यार्थी जे वाचतात त्यात तिचा क्रमांक बराच वरचा आहे. मूळच्या तीन कादंबऱ्या २००८, २००९ आणि २०१० सालच्या. पॅनेम नावाच्या राज्यात राजधानीच्या करमणुकीसाठी आणि जरबेसाठी दर वर्षी जिल्ह्यांतील मुलामुलींना परस्परांना मारावयास लावले जाते. कथा बाराव्या जिल्ह्यातील कॅटनिस सांगते. २०२० साली आलेली 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' चौसष्ट वर्षे मागे, दहाव्या खेळांच्या काळात जाते आणि पुढे हुकूमशहा होणाऱ्या स्नो याच्या तारुण्याची कथा सांगते. २०२५ सालची 'सनराइज ऑन द रीपिंग' पन्नासाव्या खेळांची आहे.

घटनाक्रमाने निघालेला वाचक या जगात प्रथम स्नोच्या बाजूने शिरतो. स्नो अठरा वर्षांचा आहे, कुटुंबाची प्रतिष्ठा गेलेली आहे, घरात अन्नाची ओढाताण आहे. त्याच्या डोळ्यांनी पाहिले की तो खेळ म्हणजे आधी एक व्यवस्थापकीय अडचण वाटते : लोक पाहत नाहीत, त्यांना पाहावयास कसे लावावे? मालिकेची पहिली साक्ष जर या माणसाची घेतली, तर नंतर कॅटनिसची साक्ष प्रतिवादीच्या उलटतपासणीसारखी ऐकली जाते. प्रकाशनक्रमाने आलेल्या वाचकाला मात्र स्नोची भूक समजून घेतानाही तिचे पुढे काय झाले हे क्षणभर विसरता येत नाही. सहानुभूती आणि ज्ञान यांची ही जी ओढाताण आहे, ती लेखिकेने दहा वर्षांनंतर मागे वळून मुद्दाम घडवलेली आहे. तीन खंड वाचलेल्या वाचकासाठीच ती कादंबरी लिहिली गेली आहे, हे तिच्या प्रत्येक गाठीवरून दिसते. 'मॉकिंगजे'मधील फाशीच्या झाडाचे गाणे घ्यावे. कॅटनिसला ते वडिलांकडून मिळाले, आईने ते घरात बंद केले, आणि बंडाच्या काळात ते प्रचारगीत बनले. त्याची निर्मिती कोणाच्या हातून आणि कोणाच्या डोळ्यांदेखत झाली हे पूर्वकथेत कळते. तेव्हा आपण 'मॉकिंगजे'कडे मनाने परततो आणि ते गाणे वृद्ध स्नोच्या कानी कसे पडले असेल याचा विचार प्रथमच करतो. उलट क्रमाने हा परतीचा प्रवास घडत नाही; कॅटनिसला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, एवढीच एक किरकोळ वरचढ भावना हाती राहते. पन्नासाव्या खेळांच्या कादंबरीत तर हेमिच वाचणार हे आपण जाणतो. त्याला त्याची काय किंमत द्यावी लागली हेही जाणतो. ती कादंबरी उत्कंठेवर नव्हे, शोकात्मिकेच्या पूर्वज्ञानावर उभी आहे.

येथे कोणी म्हणेल की, मग नियम सोपा आहे : पीडिताची साक्ष आधी, पीडकाची नंतर. तसा नियम मला करावयाचा नाही, कारण मार्गारेट ॲटवूड यांची त्रयी तो मोडते. २००३ सालच्या 'ऑरिक्स अँड क्रेक'मध्ये आपल्याला भेटतो तो कंपन्यांच्या बंदिस्त, सुखवस्तू वसाहतींत वाढलेला जिमी. २००९ सालची 'द यिअर ऑफ द फ्लड' जवळपास त्याच काळाची कथा कुंपणाबाहेरच्या वस्त्यांतून, टोबी आणि रेन या दोन स्त्रियांच्या बाजूने सांगते. ही पूर्वकथाही नाही आणि उत्तरकथाही नाही; एकाच थरात शेजारी घेतलेला तो दुसरा खड्डा आहे. पहिल्या कादंबरीच्या अखेरीस जिमी तीन अनोळखी माणसांसमोर येऊन थांबतो आणि कथा तेथेच तुटते. सहा वर्षांनी दुसरी कादंबरी त्याच क्षणाशी दुसऱ्या बाजूने येऊन पोहोचते, तेव्हा ती अनोळखी माणसे कोण हे आपल्याला कळते आणि अनोळखी ठरतो तो जिमी. २०१३ सालच्या तिसऱ्या खंडात दोन्ही प्रवाह मिळतात. येथे पहिली साक्ष सुखवस्तूची आहे आणि ती अपुरी आहे हे दुसऱ्या साक्षीमुळेच उमगते. क्रम बदलला तर जिमीच्या अज्ञानाचे आपण केवळ निरीक्षक होऊ; दिलेल्या क्रमात आपण त्या अज्ञानाचे भागीदार असतो. तेव्हा निर्णायक गोष्ट साक्षीदाराचा वर्ग ही नसून वाचकाच्या ज्ञानाची वाढ कोणत्या बाजूने घडवली आहे ही आहे.

ॲटवूड यांनी तर क्रमाचा प्रश्न कादंबरीच्या आतच आणून ठेवला आहे. १९८५ सालच्या 'द हँडमेड्स टेल'च्या अखेरीस 'ऐतिहासिक टिपणे' हा भाग येतो. साल २१९५. गिलियड राष्ट्र केव्हाच लयाला गेले आहे आणि त्याच्या अभ्यासकांचा परिसंवाद भरला आहे. प्राध्यापक पिएक्सोटो सांगतात की, आपण आतापर्यंत वाचलेली कहाणी एका लोखंडी पेटीत सापडलेल्या सुमारे तीस ध्वनिफितींवर होती. त्या फिती अनुक्रमाने नव्हत्या. आणि त्यांचा क्रम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने अंदाजाने लावलेला आहे. म्हणजे ज्या क्रमामुळे आपण हादरलो, तो क्रम त्या स्त्रीचा नव्हे, दोन विद्वानांचा. या टिपणांतील विनोद, त्यातली आत्मतुष्टता, त्या स्त्रीच्या यातनांपेक्षा तिच्या सेनाधिकाऱ्याची ओळख पटवण्यातला रस, हे सारे विद्यापीठीय वाचकाला बोचणारे आहे आणि ते तसे बोचावे म्हणूनच लिहिलेले आहे. हा भाग कोणी आधी वाचला तर कादंबरी दस्तऐवज बनेल. शेवटी वाचला तर दस्तऐवज बनवण्याची क्रिया उघडी पडते. २०१९ सालच्या 'द टेस्टामेंट्स'मध्येही तेच प्राध्यापक, २१९७ सालच्या परिसंवादात, तीन साक्षींची सरमिसळ आपण अर्थसंगती पाहून केली असे सांगतात. गिलियड कोसळणार हे या दुसऱ्या कादंबरीच्या वाचकाला १९८५पासूनच ठाऊक आहे. त्यामुळे लिडिया या अधिकारी स्त्रीचे गुप्त लेखन तो राज्यक्रांतीपूर्वीच्या दफ्तरासारखे वाचतो. येथेही दुःस्वप्नलोकाचे रूपांतर ऐतिहासिक कादंबरीत झाले आहे, फक्त काळाची दिशा पुढची आहे.

मराठीत अशी घोषित मालिका नाही. पण नंदा खरे यांचे लेखन त्या दृष्टीने एकत्र वाचावे असे आहे. पेशाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाची 'अंताजीची बखर' १९९७ साली आली. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांपासून प्लासीपर्यंतचा काळ अंताजी नावाचा एक सामान्य, चतुर, स्वार्थ सांभाळणारा माणूस सांगतो. २०१० साली आलेल्या 'बखर अंतकाळाची'मध्ये मराठेशाहीची उतरण आहे. व्यापारासाठी आलेली एक कंपनी हळूहळू राज्य कशी होते, हे अंताजी पाहतो आणि त्याला ते दिसत नाही, आपल्याला दिसते. त्यानंतरची 'उद्या' ही कादंबरी बाजार, तंत्रज्ञान आणि पाळत यांनी वेढलेल्या नजीकच्या भविष्याची आहे. तिला साहित्य अकादमीचा २०२०चा पुरस्कार २०२१ साली जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

या तीन कादंबऱ्यांत पात्रांचा धागा समान नाही, म्हणून त्यांना मालिका म्हणण्यास आक्षेप घेता येईल. परंतु कंपनीचा धागा समान आहे. आणि येथे प्रकाशनक्रम पाश्चात्त्य मालिकांच्या नेमका उलट जातो : आधी ऐतिहासिक कादंबरी, नंतर दुःस्वप्नलोक. दोन बखरींमध्ये आपण शेवट जाणणारे वाचक असतो; अंताजीच्या मर्यादित दृष्टीवर हसण्याची मुभा आपल्याला असते. 'उद्या' उघडताच ती मुभा काढून घेतली जाते. आता कंपन्यांच्या व्यवहारांत गुंतलेला आणि त्यांचे पर्यवसान न जाणणारा माणूस वाचक स्वतः असतो. 'उद्या' आधी वाचली तर ती आजच्या काळावरचे तीव्र भाष्य म्हणून पोहोचेल, आणि तेही थोडे नाही. पण अंताजीच्या जागी आपण येऊन उभे राहिलो आहोत ही जाणीव होण्यासाठी आधी त्याला दोन खंडभर वरून पाहिलेले असावे लागते. पदव्युत्तर वर्गासाठी या तिघींपैकी एकच नेमावयाची असेल तर 'उद्या' नेमण्याकडे मंडळांचा कल होणे स्वाभाविक आहे. तसे झाल्यास निदान पहिल्या बखरीतील बंगालची प्रकरणे तिच्या आधी वर्गात वाचून घ्यावीत, एका तासिकेत ती आटोपत नाहीत हे गृहीत धरून.